केस धुण्यापासून सुरू झालेली थेरपी

लेकीला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, आहे हे कळल्यावर घरात प्रत्येकानं एकच विचारलं, "मग औषध काय दिलंय?" मीही डॉक्टरांना तेच विचारून आले होते. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की संवाद, लोकांशी देवाणघेवाण, तेच ते करत राहणं या मूळ लक्षणांवर औषध नाही. एखाद्या मुलाची चिडचिड टोकाला जात असेल, ते स्वतःला इजा करून घेत असेल, तर रिस्पेरिडोन किंवा ॲरिपिप्राझोल देतात. अमेरिकेच्या औषध नियामकानं या दोन औषधांना त्याच कारणासाठी २००६ आणि २००९ मध्ये मान्यता दिलेली आहे. पण त्यांनी चिडचिड आटोक्यात येते, एवढंच. शिवाय वजन वाढतं, सुस्ती येते. "हिला आत्ता त्याची गरज नाही," ते म्हणाले. "ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे ओटी, सुरू करा, स्पीच थेरपी सुरू करा. आणि त्याच्याही आधी कान तपासून घ्या."

कान कशाला, असं मला वाटलं. मिक्सर लागला की ही दोन्ही हातांनी कान गच्च दाबून घेते, हिला ऐकू कसं येत नसेल? पण आवाज सहन न होणं आणि काही आवाज नीट ऐकू न येणं या दोन्ही गोष्टी एकाच मुलात असू शकतात. कानात पाणी साठलेलं मूल हाकेला ओ देत नाही आणि आपण म्हणतो, लक्षच देत नाही. तिचे कान ठीक निघाले. दात ठीक निघाले. पोट मात्र साफ होत नव्हतं. स्वमग्न मुलांमध्ये बद्धकोष्ठता बरीच आढळते, आणि दुखतंय हे सांगता न येणारं मूल ते वागण्यातून सांगतं. पोटाचं मार्गी लागल्यावर तिचं संध्याकाळचं डोकं आपटणं बरंच उतरलं. याला कुणी थेरपी म्हणणार नाही, पण मला कुणी क्रम विचारला तर मी हे पहिलं सांगते.

ओटी म्हणजे रोजची कामं मुलाला जमावीत यासाठीची थेरपी. पहिल्या भेटीत थेरपिस्ट मॅडमनी विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" मी म्हटलं, "ती बोलायला हवी." त्यांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "ते स्पीचवाल्यांकडेही सांगा. मला रोजचं सांगा. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत कुठे कुठे अडतं?" मग मी बोलायला लागले ते थांबेचना. केस धुणं. केस विंचरणं. मोज्यांची शिवण. रात्री झोपवणं. पाहुणे. तिला काय हवंय ते आम्हाला न कळणं आणि मग तिचा थयथयाट.

त्यातल्या तीन गोष्टी निवडायला लावल्या: केस धुणं, झोप, आणि 'हवंय' हे सांगता येणं. प्रत्येकीसाठी एक कागद, त्यावर पाच पायऱ्या. मधली पायरी शून्य, म्हणजे ठरवलेल्या मुदतीत एवढं झालं तर अपेक्षेप्रमाणे झालं. खाली उणे एक, उणे दोन. वर अधिक एक, अधिक दोन. केस धुण्याच्या कागदावर उणे दोनसमोर लिहिलं होतं: 'दोघांनी धरावं लागतं, पूर्ण वेळ किंचाळते.' शून्यासमोर: 'एकाच माणसाकडून धुऊन घेते, कुरकुरते, पण पळून जात नाही.' 'आनंदानं धुऊन घेते' असं कुठेच नव्हतं. मला ते तेव्हा जरा खट्टू करून गेलं. पण पुढे कोणीही काहीही उपचार सुचवला की मी हाच प्रश्न विचारायला शिकले: यानं नेमकं काय सोपं होईल आणि ते झालं हे कशावरून कळेल? या एका प्रश्नानं आमचे किती पैसे आणि किती संध्याकाळी वाचल्या असतील!

संवेदनांबद्दल मला शाळेतल्या पाच ज्ञानेंद्रियांपलीकडे काही माहीत नव्हतं. जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टनी १९६०-७०च्या दशकांत 'सेन्सरी इंटिग्रेशन'ची, म्हणजे मेंदू वेगवेगळ्या संवेदना एकत्र कशा जुळवतो याची, मांडणी केली. त्यांनी तोल-हालचालीची जाणीव आणि सांधे-स्नायूंतून येणारी शरीराच्या स्थितीची जाणीव या दोन्हींना फार महत्त्व दिलं. पहिली आतल्या कानातून येते, डोकं कुठल्या दिशेला कललंय ते सांगते. दुसरीमुळे डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे ते आपल्याला कळतं. भूक, तहान, लघवीची भावना अशा आतून येणाऱ्या संवेदना आणखी वेगळ्या. यांतलं काही एखाद्या मुलाला फार जास्त जाणवतं, काही फार कमी. निदानाच्या निकषांमध्ये संवेदनांचा हा भाग स्पष्टपणे आला तो मात्र २०१३च्या 'डीएसएम-५' या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत. त्याआधी ज्यांची मुलं लहान होती त्या आईबापांना कान झाकणाऱ्या लेकराबद्दल काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल याचा मी पुष्कळदा विचार करते.

आमच्या लेकीचं प्रश्नावलीतून आलेलं चित्र सरमिसळ होतं. आवाज, हलका स्पर्श आणि वास जास्त जाणवतात. दाब, उड्या, धडका हे मात्र तिला कमीच पडतं. सोफ्यावर अंग झोकून देणं, उशांच्या ढिगात घुसणं, कपाट आणि भिंतीच्या फटीत जाऊन उभं राहणं. ज्याला आम्ही दंगा म्हणत होतो तो तिचा दिवसभराचा खुराक होता.

आता केस. मॅडमनी एक वही ठेवायला सांगितली, तीन रकाने: आधी काय झालं, तिनं काय केलं, नंतर आम्ही काय केलं. अंदाज लिहायचा नाही, डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं. पहिल्या पानांवर सगळीकडे 'पाणी घातलं, किंचाळली' असं आहे. मग मॅडम म्हणाल्या, रडणं नेमकं कुठल्या क्षणी सुरू होतं ते बघा. तर ते पाण्याच्या आधीच सुरू होत होतं. तिच्या मानेखाली मी हात ठेवते आणि "मान मागे कर" म्हणते, त्या क्षणी. वही मागे उलटत गेले तसं एकेक जुळत गेलं. कपडे बदलायला पाठीवर आडवं केलं की रडते. बाबानं कडेवरून मागे झुकवलं की त्याच्या गळ्याला घट्ट मिठी मारते. उंच झोक्यावर बसत नाही, सरकत्या जिन्यावर पाय ठेवत नाही. पाण्याशी हिचं भांडण नव्हतंच! डोकं मागे गेलं की तिला आपण पडतोय असं वाटत होतं, आणि त्याच क्षणी आम्ही दोघं तिला धरून ठेवत होतो.

ओटीच्या खोलीत छताला टांगलेला एक सपाट पाळणा होता, इतका खाली की गादीपासून वीतभरच वर. सुरुवातीला ती त्याच्याकडे फिरकलीसुद्धा नाही. मॅडमनी त्यावर तिचे आवडते ठोकळे ठेवले आणि स्वतः बाजूला बसून राहिल्या. मग ती पोटावर, अर्धी वर अर्धी खाली, पाय जमिनीला टेकवून ठोकळे काढू लागली. पाळणा हलला, ती थांबली, पाहिलं, पायानं स्वतःच परत हलवला. कुणी ढकललं नाही. एअर्सच्या पद्धतीचा गाभाच हा आहे: पुढाकार मुलाचा, आणि आव्हान असं की थोडं अवघड पण जमण्यासारखं. पुढे मोठ्या चेंडूवर बसवून, कंबर दोन्ही हातांनी पक्की धरून, मागे ठेवलेली रिंग घ्यायला लावायची. आधी जरा मागे, मग अजून जरा. चेहरा पांढरा पडला, घाम आला, जांभया सुरू झाल्या की लगेच थांबायचं. "आणि घरी खुर्चीवर गरगर फिरवू नका हं," असं त्यांनी बजावून सांगितलं. "फिरवण्याचा परिणाम लगेच दिसतोच असं नाही. मूल हसत असतं आणि काही तासांनी त्रास होतो."

पण पाळण्याचा उपयोग होईपर्यंत केस धुवायचे थांबणार थोडेच? म्हणून धुण्याची रीतच बदलली. बुटक्या स्टुलावर बसवायचं, पायांचे तळवे जमिनीवर पक्के. मान मागे न नेता पुढे वाकायचं, कोपरं गुडघ्यांवर. हातात घडी घातलेला कोरडा टॉवेल, तो तिनंच डोळ्यांवर दाबून धरायचा. शॉवर बंद, कारण बारीक थेंबांचा हलका मारा तिला टोचतो. मगनं मानेकडून पुढे सलग धार सोडायची. बिनवासाचा शॅम्पू. बोटं हलकी फिरवायची नाहीत, दाबून फिरवायची. आणि मोठ्यानं आकडे मोजायचे, दहापर्यंत. दहा झाले की थांबायचं. फेस उरला असला तरी थांबायचं, तिनं डोकं वर केलं, श्वास घेतला की मग पुढचे दहा. ही अट मला सगळ्यांत जड गेली, कारण आई म्हणून हात म्हणतो, एवढं थोडंसं उरलंय, काढून टाक पटकन. पण दहा म्हणजे दहाच हे तिला एकदा पटलं आणि मग आठ-नऊला ती दात-ओठ आवळून बसून राहायला लागली. कधीतरी नऊनंतर ती स्वतःच "दहा" म्हणाली. स्पष्ट. स्पीचच्या वर्गात तोपर्यंत एक शब्द आला नव्हता.

आता हे सगळं पाळण्यामुळे झालं की रीत बदलल्यामुळे? मी प्रामाणिकपणे सांगेन की रीत बदलल्याचा वाटा मोठा. सेन्सरी इंटिग्रेशनवरचे अभ्यास वाचले तर तिथेही चित्र एकरंगी नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ३२ मुलांवरच्या एका चाचणीत पालकांनी ठरवलेल्या ध्येयांत थेरपी घेतलेल्या मुलांची प्रगती जास्त दिसली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १३८ मुलांवरच्या ब्रिटिश चाचणीत मात्र नेहमीच्या मदतीपेक्षा ठळक फायदा दिसला नाही. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ मध्येच म्हटलंय की थेरपी करून पाहायला हरकत नाही, पण पुरावा मर्यादित आहे हे पालकांना सांगा, ध्येय ठरवा आणि उपयोग होतोय का ते ठराविक मुदतीनं तपासा. आमच्या मॅडम हे सगळं स्वतःहून सांगणाऱ्या होत्या, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला. जो थेरपिस्ट 'शंभर टक्के फरक पडेल' म्हणतो त्याच्याकडून मी निघून येते.

घरी करायच्या गोष्टी साध्या होत्या. शाळेला निघण्याआधी भिंत ढकलणं, पुस्तकांची पिशवी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेणं, धुतलेल्या कपड्यांची बादली ओढणं, उशांच्या मध्ये तिचं सँडविच करणं. स्नायूंना जोर लावणारं काम तिला शांत करतं, हे वहीत दिसत होतं, म्हणून ते चालू ठेवलं. मऊ ब्रशनं दर दोन तासांनी अंग घासायची एक पद्धतही आम्हाला कुणीतरी सुचवली होती. त्यामागचा पुरावा तुटपुंजा आहे, आणि दर दोन तासांनी ब्रश घेऊन कोण मागे धावणार? सोडून दिली.

झोपेचा कागद वेगळ्याच दिशेनं गेला. स्वमग्न मुलांपैकी निम्म्याहून अधिकांना झोपेचा त्रास असतो असं बहुतेक अभ्यास सांगतात, तेव्हा आम्ही एकटे नव्हतो. आमची पद्धत अशी होती की नऊला दिवे बंद, आणि मग दोन तास कुस्ती. वहीवरून दिसलं की ती खरी झोपते अकराच्या आसपास. तर सांगण्यात आलं, अंथरुणात न्यायची वेळच अकरा करा. उठवायची वेळ मात्र रोज तीच, सुट्टीच्या दिवशीही. अंथरुणात गेल्यावर ती लवकर झोपायला लागली की पंधरा मिनिटं अलीकडे या, परत काही दिवस थांबा, परत पंधरा मिनिटं.

सासूबाईंना हे अजिबात पटलं नाही. "अगं, एवढ्याशा पोरीला अकरापर्यंत जागं ठेवतेस?"

"अहो आई, ती तशीही जागीच असते. फक्त रडत जागी असते."

त्या काही बोलल्या नाहीत, पण रोज दहाला उठून बघून जायच्या. वेळ सरकत सरकत साडेनऊवर आली, त्याच्या अलीकडे आम्हाला ती कधीच नेता आली नाही. चालतंय. बाकी बदल म्हणजे झोपण्याच्या सदऱ्याची लेबलं कापली, शिवण आत न येता बाहेर यावी म्हणून तो उलटा घातला, आणि 'दात, शू, पुस्तक, दिवा बंद' अशी चार चित्रांची पट्टी भिंतीवर लावली. एकेक झालं की ती चित्र काढून खालच्या पाकिटात टाकते. दिवा बंद करायचा मान तिचाच, कुणी दुसऱ्यानं बंद केला तर परत लावून पुन्हा स्वतः बंद करते.

वजनदार पांघरुणाचं सांगते, कारण ते हमखास विचारलं जातं. २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये त्यावर नीट चाचणी झाली. मुलांना ते आवडलं, पालकांनाही आवडलं, झोपेचा वेळ मात्र साध्या पांघरुणापेक्षा वाढला नाही. आमच्याकडे अगदी तेच. संध्याकाळी पाहुणे येऊन गेले की ती त्याच्याखाली जाऊन बसते आणि तिथे ते छान काम करतं. रात्री देत नाही. मुलाला स्वतःहून काढता येणार नाही असं वजन अंगावर ठेवायचंच नाही, आणि बाळांना तर मुळीच नाही.

तिसरा कागद 'हवंय' सांगण्याचा. तिथे चित्रांची देवाणघेवाण सुरू केली, म्हणजे 'पेक्स'. अँडी बॉन्डी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये ती अमेरिकेत तयार केली. मला वाटलं होतं, चित्र दाखवून "हे काय?" विचारायचं असेल. तसं काहीच नाही. पहिल्या टप्प्याला दोन माणसं लागतात. माझ्या हातात साबणाच्या फुग्यांची बाटली, माझ्या आणि लेकीच्या मध्ये फुग्याचं एक कार्ड. तिच्या मागे दुसरं माणूस, ते माणूस एक अक्षर बोलणार नाही. ती बाटलीकडे हात नेते, मागचं माणूस तोच हात कार्डाकडे वळवतं, कार्ड उचलून माझ्या तळहातावर ठेवायला मदत करतं. कार्ड पडलं त्याच क्षणी मी म्हणायचं "फुगा!" आणि फुंकर. "काय हवं?" हा प्रश्न विचारायचाच नाही, तो पार पाचव्या टप्प्यात येतो. कारण आधी विचारलं तर मूल विचारण्याची वाट बघत बसतं, स्वतःहून सांगायला शिकत नाही.

मागे बसायचं काम सासूबाईंनी घेतलं. न बोलता बसणं त्यांना किती अवघड गेलं असेल! पण त्यांचे हात फार चांगले, घाई नसलेले. मागच्या मदतीचा जोर कमी करत करत एक दिवस त्यांनी हात नुसता तिच्या कोपराजवळ ठेवला, आणि लेकीनं कार्ड उचलून माझ्या हातात कोंबलं. पुढच्या काही दिवसांत ते कार्ड मला स्वयंपाकघरात, आंघोळीच्या दारात, फोनवर बोलताना, कुठेही मिळायला लागलं. डोकं आपटण्याचं जे काही उरलं होतं ते याच काळात ओसरलं. हातानं मागता आलं तर डोक्यानं मागायची गरज पडत नाही.

चित्रं आणि नंतर त्याच कामासाठी टॅबलेट संगणक दिला तर ती बोलणारच नाही, ही भीती घरातल्यांनी घातली, बाहेरच्यांनीही घातली. २००६ मध्ये मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी अशी साधनं दिलेल्या मुलांवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. त्यात एकाही मुलाचं बोलणं कमी झालेलं दिसलं नाही, बहुतेकांचं थोडंफार वाढलं. आमच्या लेकीचं बोलणं आता आहे, पण त्याची चाल वेगळी आहे. तिला बाहेर जायचं असलं की ती म्हणते, "चला, झालं का सगळ्यांचं?" हे माझं वाक्य आहे, माझ्याच हेलात, दार उघडताना मी जे म्हणते ते. बॅरी प्रिझंट या अमेरिकन स्पीच थेरपिस्टनी १९८०च्या दशकात दाखवून दिलं की अशी पुन्हा म्हटलेली वाक्यं निरर्थक नसतात, त्यांतून मूल मागतं, नाकारतं, स्वतःला शांत करतं. तिला कुठे लागलं की ती म्हणते, "अरे अरे, बघू बघू." पहिल्यांदा ऐकणारा हसतो. आम्ही गुडघा बघतो.

मधल्या काळात स्पीचच्या मॅडमनी आमचं खेळणं मोबाइलवर टिपायला सुरुवात केली. दहा मिनिटं मी आणि लेक, मग ती क्लिप आम्ही दोघींनी बसून बघायची. पालकांना असं दाखवत शिकवण्याची 'पॅक्ट' नावाची पद्धत आहे. तिच्यावर ब्रिटनमध्ये १५२ मुलांची चाचणी झाली, २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली, आणि त्याच मुलांना काही वर्षांनी तपासलं तेव्हाही फायदा टिकलेला दिसला. आमची क्लिप थांबवून मॅडम म्हणाल्या, "इथे बघा." मी गप्प बसलेली आहे, लेक ठोकळा रचते, आणि अर्ध्या सेकंदासाठी डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघते. समोर बसून मला ते कधी दिसलं नसतं. "हा अर्धा सेकंद म्हणजे तिचं बोलणं आहे. तुम्ही फक्त त्याला उत्तर द्या." उत्तर म्हणजे "हं, उंच झालं," एवढंच. रंग विचारायचे नाहीत, मोजायला लावायचं नाही. माझ्या मते सगळ्या थेरपींमध्ये सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत खोल गेलेली ही.

वर्तन-उपचाराबद्दल लिहिलं नाही तर लोक विचारतील. मानसशास्त्रज्ञ ओले इव्हार लोवास यांचा १९८७चा अभ्यास सगळे पुढे करतात: आठवड्याला ४० तास, १९ मुलांपैकी ९ मुलं शाळेत इतरांसारखी झाली. पण त्यात मुलांची गटवारी चिठ्ठ्या टाकल्यासारखी झालेली नव्हती, आणि 'नाही' म्हणून दरडावणं, चापट मारणं हेही त्या काळच्या उपचारात होतं. ज्यांनी लहानपणी असे उपचार घेतले ते स्वमग्न प्रौढ आज त्याविषयी काय सांगतात ते मी वाचलंय. आम्ही एक केंद्र बघून आलो. खोलीत एक मुलगा हात फडफडवत होता आणि बाई दर वेळी "हात खाली" म्हणून ते मांडीवर दाबत होत्या. हात फडफडल्यानं कुणाचं काय अडत होतं? कागदावर त्याची कुठली पायरी लिहिली असती मी? आम्ही परत गेलो नाही. खेळात, मुलाच्या कलानं शिकवणाऱ्या नव्या पद्धती याच मुळातून निघाल्या आहेत आणि त्या बऱ्याच वेगळ्या आहेत, हेही सांगायला हवं.

बाकीची दुकानदारी थोडक्यात. शरीरातले धातू काढण्यासाठीचं चिलेशन: स्वमग्नतेवर त्याचा उपयोग नाही, आणि २००५ मध्ये अमेरिकेत एका मुलाचा त्यात जीव गेलाय. प्राणवायूच्या दाबपेटीत बसवणं: पुरावा नाही. दुसऱ्यानं हात धरून टाइप करवून घेणं: तपासणीत शब्द मुलाचे नसून हात धरणाऱ्याचे निघाले. ग्लुटेन आणि दूध बंद करणं: ॲलर्जी किंवा पचनाचा आजार निघाला तर जरूर, नाहीतर आधीच मोजकं खाणाऱ्या मुलाचं ताट आणखी रिकामं होतं. 'नैसर्गिक' हा शब्द बाटलीवर आहे म्हणून ती बाटली सुरक्षित होत नाही.

शाळेत मागितलेल्या गोष्टी छोट्या होत्या. पंख्याखालची जागा नको, भिंतीला पाठ टेकेल अशी हवी. घंटेच्या आधी बाईंनी बोट वर करून खूण करायची. कानांवरचे हेडफोन दप्तरात, पण दिवसभर कानावर नाही, कारण सतत घातले तर साधे आवाजही जड व्हायला लागतात. फक्त हॉल, गॅदरिंग, जेवणाची सुट्टी. शिक्षा म्हणून मैदानाची सुट्टी कापायची नाही, तीच तर तिला बाकीचा वेळ वर्गात बसवते. बाईंनी हे सगळं मान्य केलं आणि एक गोष्ट स्वतःच्या मनानं वाढवली, फळा पुसायचं काम तिला दिलं. दोन्ही हात वर, पूर्ण जोर लावून. ओटीच्या मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, मला का नाही सुचलं हे!

मेल्टडाउन, म्हणजे सगळं सहनापलीकडे गेलं की होणारा उद्रेक, अजूनही होतात. तो हट्ट नव्हे. हट्टात मूल मध्येच थांबून आपल्याकडे बघतं, हवं ते मिळालं की संपतं. इथे ती कुणाकडे बघत नाही आणि काही देऊन ते संपत नाही. मी दिवा बंद करते, तिच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसते, समोर नाही, बाजूला. बोलत नाही. आधी "काय झालं बाळा" असं विचारत राहायचे, पण त्या वेळी प्रश्न म्हणजे आणखी एक आवाज. उशी जवळ सरकवून ठेवते, हवी तर घेते. संपल्यावर पाणी, आणि त्या दिवशी त्या विषयावर चर्चा नाही.

सध्या नवा कागद दातांच्या डॉक्टरांचा आहे. एक दाढ किडते आहे, तेव्हा फार थांबता येणार नाही. दवाखान्याच्या दाराचे, खुर्चीचे, मास्क लावलेल्या डॉक्टरांचे फोटो काढून आणलेत, ते ती रात्री पुस्तकासारखे उलटते. पहिल्या भेटीत उपचार नाही, फक्त खुर्चीवर बसायचं, हे डॉक्टरांनी मान्य केलंय. दुसऱ्या भेटीत आरसा तोंडात, दहा मोजेपर्यंत. खुर्ची मागे झुकते हे त्यांना आधीच सांगून ठेवलंय; ते म्हणाले, सरळ बसवूनही बघता येतं मला, जरा मान मोडेल माझी, एवढंच.